असुरक्षित संबंध झाले, आज १९ वा दिवस, घसा दुखतोय, अंगावर पुरळ... एचआयव्हीची टेस्ट नेमकी कधी करू?

झोप_उडालेला
शनिवार, रात्री १:५२

नवीन अकाउंट काढून लिहितोय कारण जुन्यावर गावाकडची निम्मी पोरं आहेत, तरी कुणाला ओळख लागलीच तर प्लीज गप्प राहा. वय २८, मूळ लातूरकडचा, चाकणला कंपनीत आहे. १९ दिवसांपूर्वी रूमवरच्या एका मित्राची नोकरी परमनंट झाली म्हणून पार्टी होती, सगळे प्यायलो, आणि नंतर तिघंजण हायवेच्या एका लॉजवर गेलो. पैसे देऊन. माझी पहिलीच वेळ. कंडोम होता सुरुवातीला, मग मीच काढला, का काढला ते आज मलाच सांगता येत नाही. दोन-तीन मिनिटांचा विषय असेल सगळा.

सकाळी उतरली तेव्हापासून डोक्यात जे सुरू झालंय ते थांबेना. पहिले दहा दिवस काही नव्हतं. ११ व्या दिवशी घसा धरला, १४ व्याला कसकस वाटली म्हणून थर्मामीटर आणला तर ९९.१. मग मानेला डाव्या बाजूला गाठ लागली हाताला. छातीवर आणि दंडावर लाल पुरळ. जीभ पांढरी. दोनदा जुलाब. गुगलवर जे जे लिहिलंय ते एकेक करून सगळं मला होतंय. मेडिकलसमोरच्या वजनकाट्यावर रोज चढतो, ६८ चा साडेसहासष्ट झालोय. इथल्या डॉक्टरने ॲझिथ्रो आणि पॅरासिटामॉल दिली पण त्यांना मी लॉजचं बोललोच नाही, आमचे सुपरवायझर पण त्यांच्याकडेच जातात.

आणि खरं टेन्शन हे की माझा साखरपुडा झालाय. लग्न मे मध्ये, पावणेदोन महिने राहिले. ती रोज रात्री फोन करते, हॉलचं, मेहंदीचं, मानपानाच्या साड्यांचं सगळं सांगते, आणि मी हं हं करत दुसऱ्या हाताने मानेची गाठ दाबत असतो.

टेस्ट कुठे करू, आत्ता केली तर खरं कळेल का, ही लक्षणं त्याचीच आहेत का, आणि अशावेळी घ्यायच्या गोळ्या असतात म्हणे त्या आता घेतल्या तर चालतील का? शिव्या घालायच्या तर घाला पण उत्तर द्या.

पंक्चरवाला
रात्री २:१०

भावा एक फुकटची आयडिया देतो. कुठलं तरी रक्तदान शिबिर बघ आणि रक्त देऊन ये. ते लोक एचआयव्ही, कावीळ सगळं चेक करतात, काही असलं तर फोन येतो. नाव खराब होत नाही, वर सर्टिफिकेट आणि बिस्किटचा पुडा मिळतो.

जुनी_आयसीटीसीवाली
सकाळी ७:३५

पंक्चरवाले, सकाळी सकाळी डोकं फिरवलंत माझं. नऊ वर्षं मी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक होते आणि ही "आयडिया" करून आलेली माणसं स्वतः पाहिली आहेत. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची तपासणी होते, बरोबर: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया. पण ज्या दिवसांत विषाणू रक्तात आहे आणि तपासणीत दिसत नाही त्या दिवसांत दिलेली पिशवी "स्वच्छ" म्हणून पुढे जाते. आणि ती चढते कुणाला? बाळंतिणीला, अपघातातल्याला, नाहीतर दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या पोराला. म्हणून तर रक्तदानाच्या फॉर्मवर असे संबंध आलेत का ते विचारलेलं असतं. झोप_उडालेला, तू हे करायचं नाहीस. विषय संपला.

आता तुझं. आधी लक्षणांचं उरकून टाकते कारण त्यात सांगण्यासारखं फार नाहीच. एचआयव्हीची लागण झालेल्या बऱ्याच जणांना साधारण दोन ते चार आठवड्यांत ताप, घसा, पुरळ, गाठी, अंगदुखी, तोंड येणं असं होतं. काहींना काहीच होत नाही. आणि हेच सगळं व्हायरलमध्ये होतं, डेंग्यूत होतं, रात्रपाळी करून टपरीवर खाणाऱ्याला नुसतंही होतं. ९९.१ हा ताप नाही रे बाबा, मार्चमध्ये चाकणच्या पत्र्याच्या शेडमधून आलेल्या कुणालाही लाव थर्मामीटर. दिवसातून चाळीस वेळा गाठ दाबली की ती दुखणार आणि सुजणार. वजनाचं तर विचारूच नको, तू नीट जेवतोयस का हे तू लिहिलेलंच नाहीस. माझ्यासमोर अंगभर पुरळ घेऊन रडत आलेले निगेटिव्ह निघालेत आणि शिंकसुद्धा न आलेले, बायकोच्या बाळंतपणाच्या तपासणीतून शोधत आणलेले नवरे पॉझिटिव्ह निघालेत. लक्षणं बघून मी नऊ वर्षांत एकदाही ओळखू शकले नाही, तू आरशात बघून काय ओळखणार.

टेस्टचं गणित दिवसांचं असतं. पेरणी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी रानात कोंब शोधायला कुणी जात नाही, तसंच आहे हे. विषाणू शिरला तरी तपासणीत सापडेल एवढं रक्तात तयार व्हायला वेळ लागतो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. टेस्टप्रमाणे तो बदलतो. सरकारी केंद्रात जी रॅपिड किट वापरतात ती अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे तयार करतं ते, शोधते, तिला साधारण २३ ते ९० दिवस लागतात. खासगी लॅबमध्ये फोर्थ जनरेशन एलायझा मिळते, ती अँटिबॉडीसोबत विषाणूचा पी-२४ नावाचा भागही पकडते, शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर १८ ते ४५ दिवस. तिसरी ती नॅट किंवा पीसीआर, ती थेट विषाणूच शोधते, १० ते ३३ दिवस, पण महाग आहे आणि तुझ्या केसमध्ये तिची गरज मला वाटत नाही.

म्हणजे तू आज एलायझा केलीस तर निगेटिव्हला थोडा अर्थ आहे, पण शिक्का नाही. शिक्का ४५ दिवसांनंतर. आणि सरकारी केंद्रात तुला तीन महिने झाल्यावर परत ये म्हणतीलच, तेही करायचं.

गोळ्या म्हणतोस त्याला पेप म्हणतात. ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस रोज. तुझी वेळ गेली. आता मेडिकलमधून कुठून तरी मिळवून खाऊ नकोस, काही उपयोग नाही.

कोल्हापुरी_तिखट
सकाळी ९:०५

असल्या बायकांकडं जायचं आणि मग रडत बसायचं. त्यांच्याकडूनच पसरतंय हे सगळं.

जुनी_आयसीटीसीवाली
सकाळी ९:२०

कंडोम तिने काढला की याने, ते परत एकदा वाचा.

या बायकांसाठी गावोगाव संस्था काम करतात, दर सहा महिन्यांनी त्यांना तपासणीला आणतात, कंडोम देतात. माझ्या केंद्रात त्या तारीख लक्षात ठेवून यायच्या. गिऱ्हाईक मात्र एकही आपणहून यायचं नाही, यायचं ते असं १९ व्या दिवशी, तोंडाला रुमाल बांधून.

झोप_उडालेला
सकाळी ११:४०

ताई खूप खूप थँक्स, सकाळपासून चार वेळा वाचलं. जेवत नाही हे खरं आहे. एक विचारू का, लॉजवरची ती बाई पॉझिटिव्ह असेल असं धरलं तर मला व्हायचा चान्स किती? एका ठिकाणी वाचलं एकदा केलं तरी होतंच, दुसरीकडे वाचलं की होतच नाही.

जुनी_आयसीटीसीवाली
दुपारी १:१५

दोन्ही चूक. समोरची बाई पॉझिटिव्ह आहे आणि गोळ्यांवर नाही असं धरलं, तरी एका वेळच्या योनीसंबंधात पुरुषाला लागण होण्याचा जो आकडा देतात तो दहा हजारांत ४ च्या आसपास आहे. उलट बाजूने, म्हणजे पुरुषाकडून बाईला, दहा हजारांत ८. गुदसंबंधात घेणाऱ्याला सगळ्यात जास्त, १३८ च्या आसपास. अंगावर जखम असेल, दुसरा गुप्तरोग असेल तर हे वाढतं, समोरचा माणूस औषधावर असून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला असेल तर शून्यावर येतं.

पण आकडा तू झोप लागण्यापुरता घे. दहा हजारांतले ते चार माझ्या टेबलासमोरच बसायचे, त्यामुळे टेस्टला सुट्टी नाही.

आणि सगळे एचआयव्हीच्या मागे असतात म्हणून सांगते, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी हे दोन विसरू नको. सिफिलिसचा फोड दुखत नाही, आपोआप बरा होतो, माणूस विसरतो आणि तो आत चालूच राहतो. वेळेत कळलं तर पेनिसिलिनने बरा होणारा आजार आहे हा. रक्ताची व्हीडीआरएल टेस्ट करून घे. लघवीला जळजळ, पू, जखम असं काही असेल तर सिव्हिलला गुप्तरोगाची ओपीडी असते, बाहेर सुरक्षा क्लिनिक असा बोर्ड असतो, तिथे जा. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसशील तर घेऊन टाक, तीन डोस, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात.

निःशब्द_नाशिक
दुपारी ३:२८

मध्येच लिहितेय सॉरी पण वरचं ७२ तासांचं वाचून हातपाय गार पडले. काल रात्री साडेदहाला माझ्या मित्रासोबत असताना कंडोम फाटला. आज सकाळी त्याने सांगितलं की तो पॉझिटिव्ह आहे, आणि चार महिने झाले गोळ्या बंद केल्यात. मला आधी माहिती नव्हतं. आज शनिवार, सगळं बंद असेल. सोमवारी गेलं तर चालेल का?

जुनी_आयसीटीसीवाली
दुपारी ३:३६

नाही. आत्ता जा. अजून सतरा तास झालेत, तुझ्या हातात वेळ आहे पण तो सोमवारसाठी नाही.

सिव्हिल हॉस्पिटलची कॅज्युअल्टी चोवीस तास चालू असते. रांगेत सगळ्यांसमोर बोलू नकोस, डॉक्टरांपाशी जाऊन एवढंच म्हण: "एचआयव्ही एक्सपोजर झालंय, पेप हवंय, सतरा तास झालेत." समोरचा माणूस पॉझिटिव्ह आहे आणि औषध बंद आहे हे नक्की सांग. मला लपवून ठेवायचं नाही म्हणून सांगते, सरकारी ठिकाणी पेप मुख्यतः सुई टोचलेल्या नर्स-डॉक्टरांसाठी आणि बलात्कार झालेल्यांसाठी ठेवलेलं असतं, त्यामुळे एखादा ज्युनिअर "हे तुमच्यासाठी नाही" म्हणू शकतो. तसं झालं तर वाद घालत बसू नको, मेडिसिनच्या वरिष्ठ डॉक्टरांना बोलवायला सांग, नाहीतर सरळ खासगी फिजिशियन गाठ, ते लिहून देऊ शकतात. मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये गोळ्या मिळतात.

गरोदर राहण्याची भीती असेल तर त्याची इमर्जन्सी गोळी वेगळी असते, तीही आजच घे. पेपने ते होत नाही आणि त्या गोळीने हे होत नाही. १०९७ वर फोन लाव, सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पोचलीस की इथे फक्त "पोचले" लिही.

तेरा_वर्षं_गोळीवर
दुपारी ४:१०

निःशब्द ताई, तुम्ही निघाला असाल अशी आशा. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, २०१२ पासून, त्यामुळे तुमच्या मित्राचं ऐकून राग पण आला आणि वाईट पण वाटलं. गोळ्या का सोडतात ते मला माहितीय. बरं वाटायला लागलं की सोडतात, घरात कुणी डबी बघेल म्हणून सोडतात, गाव बदललं की सोडतात. त्याला सोमवारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, परत पाठवा, ओरडत नाहीत, मी एकदा दोन महिने गायब झालो होतो तर सिस्टरने फक्त विचारलं, जेवलास का.

झोप_उडालेला भाऊ, तुझ्यासाठी दोन शब्द. तू ज्या गोष्टीला मरण समजून घाबरतोयस तीत मी राहतो, आणि आज दुपारी मी पोरीचा गणिताचा गृहपाठ घेतला. मला कळलं तेव्हा सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, ३५० च्या खाली येईपर्यंत गोळ्या सुरू करत नसत, माझा २१२ होता म्हणून लगेच झाल्या. २०१७ पासून निदान झालं की थेट सुरू, थांबवत नाहीत. सुरुवातीला एक गोळी होती ती रात्री घेतली की विचित्र स्वप्नं पडायची, मी एका स्वप्नात आमच्या सरपंचाला एसटी चालवताना पाहिलंय. आता दिवसाला एकच, डोल्युटेग्राविरवाली, काही त्रास नाही. सरकारी सेंटरला २००४ पासून या फुकट आहेत. वर्षातून व्हायरल लोड काढतात, माझा गेली कित्येक वर्षं सापडत नाही. सापडत नाही म्हणजे संबंधांतून दुसऱ्याला जात पण नाही. बायको निगेटिव्ह, मुलगी निगेटिव्ह.

बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं. ती गोष्ट वेगळी आहे, परत कधी.

जाता जाता, चेन्नईत १९८६ ला ज्यांच्या टीमने भारतातल्या पहिल्या केसेस शोधल्या त्या डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत राहणारं मराठी घर. नंतर त्या पॉझिटिव्ह मुलामुलींची लग्नं जमवायच्या. आमच्या सेंटरवर एक म्हातारे समुपदेशक होते ते हे दर वेळी सांगायचे, दर वेळी नवीन असल्यासारखं.

निःशब्द_नाशिक
सायंकाळी ६:०२

पोचले. पहिला डॉक्टर म्हणाला सोमवारी ओपीडीला या. तुम्ही सांगितलं तसं मोठ्या मॅडमना बोलवायला सांगितलं. त्यांनी पडदा ओढून सगळं विचारलं, रक्त घेतलं, पहिली गोळी तिथेच समोर दिली. बाकीच्यासाठी सोमवारी एआरटी सेंटरला बोलावलंय. गरोदर न राहण्याची ती इमर्जन्सी गोळी पण घेतली. हात अजून थरथरतोय त्यामुळे टायपिंग चुकत असेल.

जुनी_आयसीटीसीवाली
सायंकाळी ६:१५

शाब्बास. रोज एकच वेळ ठरव आणि मोबाइलला अलार्म लाव, २८ पैकी एकही चुकवायची नाही. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल, ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असशील तर ते डॉक्टरांना सांग, या गोळीसोबत एकदम घेतलं तर हिचा असर कमी होतो, मध्ये अंतर ठेवायला सांगतील. पहिले काही दिवस मळमळ होईल. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी टेस्ट, ते तारीख लिहून देतील. तोपर्यंत कंडोमशिवाय कुणासोबत नाही आणि रक्तदान नाही.

झोप_उडालेला
मंगळवार, रात्री १०:३०

अपडेट. आज २२ वा दिवस. राहवलं नाही, भोसरीकडच्या एका खासगी लॅबमध्ये जाऊन फोर्थ जनरेशन केली. रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह आलाय पण समोर ०.१८ असा आकडा आहे. माझा मित्र, तोच लॉजवाला, त्याला पण घेऊन गेलो होतो, त्याचा ०.०९ आहे. माझा डबल का? शून्य का नाही? काहीतरी सुरू झालंय का आत?

आणि अजून एक. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या पोराने भरल्या वेटिंगमध्ये ओरडून विचारलं, "एचआयव्हीचे रिपोर्ट कुणाचे?" एक आजी माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी उठलोच नाही, पंधरा मिनिटांनी गर्दी कमी झाल्यावर गेलो.

पंक्चरवाला
रात्री १०:४१

भाऊ ०.१८ वर पण टेन्शन म्हणजे कमाल आहे. (आणि ताई, परवाचं सॉरी. खरंच माहिती नव्हतं. मी स्वतः एकदा तसं केलंय कॉलेजात असताना, आता विचार करून कसंतरी होतंय.)

जुनी_आयसीटीसीवाली
रात्री ११:२०

तो आकडा म्हणजे तुझ्यातला विषाणू नव्हे. मशीन उजेड मोजतं आणि ठरवून दिलेल्या कटऑफशी भागाकार करतं. या टेस्टला १ च्या खाली म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजेच निगेटिव्ह. शून्य कुणाचाच येत नाही. उद्या तुझंच तेच रक्त परत लावलं तर ०.१४ येईल, मग काय पेढे वाटणार का? ०.०९ आणि ०.१८ मध्ये काहीही फरक नाही. २२ व्या दिवसाला ही बातमी चांगली आहे, तेवढी घे आणि जेव.

लॅबमधल्या पोराबद्दल. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. त्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करायची नाही आणि कुणाची माहिती अशी फोडायची नाही. लॅबच्या मालकाला शांतपणे लेखी कळव. बहुतेक वेळा त्या पोराला कुणी काही शिकवलेलंच नसतं.

पुढची टेस्ट मात्र आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, कर असं मी म्हणेन. फुकट आहे, प्रत्येक सिव्हिलला आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आहे. ससूनला जा, तुला तिथे ओळखणारं कोण भेटतंय.

झोप_उडालेला
रात्री ११:३४

तिथे नेमकं काय होतं? आधार कार्ड मागतात का? घरी पत्र येतं का?

तेरा_वर्षं_गोळीवर
बुधवार, सकाळी ६:५०

ताई उठायच्या आत मी सांगतो, खुर्चीच्या त्या बाजूचं मला पाठ आहे. छोटी खोली असते, भिंतीवर लाल रिबीनीचं पोस्टर, टेबलावर एक लाकडी मॉडेल असतं कंडोम कसा घालायचा दाखवायला, त्याच्याकडे बघायचं की नाही ते कळत नाही. दार लावून घेतात. काय झालं, कधी झालं विचारतात, संमतीच्या कागदावर सही घेतात, रजिस्टरला तुमचा नंबर पडतो, पुढे चिठ्ठीवर तोच नंबर चालतो. शेजारच्या लॅबमध्ये रक्त. मग बाहेर बाकावर अर्धा-पाऊण तास, गर्दी असेल तर जास्त. पहिली किट निगेटिव्ह आली तर निगेटिव्ह. रिॲक्टिव्ह आली तर लगेच पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, अजून दोन वेगळ्या किटवर लावतात, तिन्ही जुळल्या तरच. रिपोर्ट तुझ्याच हातात, बंद दारामागे, मग समजावून सांगतात. घरी पत्रबित्र काही येत नाही.

त्या बाकावर सोबतीला मी एक बाबा पाहिले होते, त्यांनी अख्खा वेळ चिठ्ठीची घडी घालून होडी केली, उलगडली, परत केली. नाव पुकारलं तेव्हा होडी तशीच दिली त्यांनी सिस्टरच्या हातात.

झोप_उडालेला
२४ दिवसांनंतर, शुक्रवार, दुपारी २:४८

हा धागा वर काढतोय. आज ४६ वा दिवस. सकाळी सेकंड शिफ्टच्या आधी आयसीटीसीत जाऊन आलो. निगेटिव्ह. खासगीतून फोर्थ जनरेशन पण परत केली (यावेळी आकडा बघितलाच नाही, खरं सांगतो बघितला, ०.२१, पण घाबरलो नाही). व्हीडीआरएल निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, लसीचा पहिला डोस घेतला.

गाठ आहे का म्हणून काल हात लावला तर सापडेना. पुरळ म्हणजे कंपनीतल्या कूलंटची ॲलर्जी निघाली, लाइनवरच्या अजून दोघांना आहे. वजन ६८.

समुपदेशक सरांनी सांगितलं की ४५ दिवसांची फोर्थ जनरेशन चांगली आहे पण तीन महिने झाल्यावर एकदा या, आणि तोपर्यंत कंडोम वापरा. आता प्रॉब्लेम असा की ९० वा दिवस लग्नानंतर अठरा दिवसांनी येतोय. तिला काय सांगून वापरू?

पंक्चरवाला
दुपारी २:५५

लगेच मूल नको म्हण. निम्मी दुनिया तेच सांगते.

निःशब्द_नाशिक
दुपारी ३:३०

माझी २८ वी, शेवटची गोळी आज आहे. दोन आठवड्यांनी पहिली टेस्ट आहे.

तुम्हाला एकच विचारते, मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या रात्री मी काय करायचं ते मी ठरवलं असतं. मला ते ठरवायला मिळालंच नाही. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि त्याचा मला खरंच आनंद झाला. पण "मूल नको" हे उत्तर तिला दिलंत तर पुढे तिला कळलं की ती रिपोर्टवर चिडणार नाही, या उत्तरावर चिडेल.

कोल्हापुरी_तिखट
दुपारी ४:०२

सांगितलं तर लग्न मोडंल की. दोन्ही घरांची पत्रिका छापून झाली असतील.

जुनी_आयसीटीसीवाली
दुपारी ४:४०

मोडूही शकतं, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे अशी जोडपी आली होती. एकीने ऐकून घेतलं आणि चप्पल घालून निघून गेली, परत आली नाही. दुसरी अर्धा तास बोलली नाही आणि मग मला विचारलं, "मॅडम, माझी पण करता का आत्ता?" कुठली मुलगी कशी हे मला ओळखता आलं नाही, लक्षणांसारखंच.

तुला शब्द सापडत नसतील तर दोघं मिळून ये म्हणावं सरांकडे, लग्नाआधीची तपासणी म्हणून. बंद खोलीत तिसरं माणूस असलं की बोलायला सोपं जातं. थॅलेसेमियाचं पण करून घ्या त्याच रक्तात, तेही लग्नाआधी करायचं असतं.

झोप_उडालेला
रात्री १०:५८

आत्ता फोन झाला. सगळं नाही बोललो. एवढंच म्हणालो की लग्नाआधी दोघांच्या सगळ्या टेस्ट करूया, एचआयव्ही धरून. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "का रे, काय झालंय?" मी म्हणालो भेटल्यावर सांगतो. रविवारी ती पुण्याला मावशीकडे येतेय, साड्यांची खरेदी आहे.

रविवारी सेकंड शिफ्ट होती ती बदलून घेतलीये.